रविवारची दुपार कोणाला द्यायची?

नगरची_लेक:
सलाम सगळ्यांना. मी मूळ नगरची, आता पिंपरीला. बिलिंगचं काम आहे, सोमवार ते शनिवार, घरी यायला आठ वाजतात. म्हणजे माझी म्हणावी अशी फक्त रविवारची दुपार, त्यातही आठवड्याचे कपडे, मुलाचा अभ्यास. चर्चमधली उपासना झाली की कॉयरची, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटाची, प्रॅक्टिस, मग संडे स्कूलला माणूस कमी आहे म्हणून पाळकसाहेब विचारतात, आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये आमच्याच मंडळीतल्या एक आजी आहेत, त्यांना डोळ्यांनी दिसत नाही आता, त्यांना शास्त्रपाठ वाचून दाखवते. आजींकडे गेलं की चहा आधीच गाळून बशीनं झाकून ठेवलेला असतो, पार गार झालेला, आणि मोठ्या अक्षरांच्या बायबलमध्ये काड्यापेटीच्या काड्या घातलेल्या असतात खुणेला, एकेका काडीमागं एकेक गोष्ट. मी एक अध्याय वाचायला जाते आणि दीड तास जातो. खरं सांगू का, मी तिथं बसून घड्याळ बघते. देते तर आहे वेळ, पण कुरकुरत. असं देण्यापेक्षा न दिलेलं बरं का? आणि नाही म्हणणं पाप आहे का?

साधा_माणूस:
बायबलमधलं स्तोत्र ९० वाचा ताई. आमचे दिवस मोजायला शिकव, असं त्यात मोशे संदेष्टा म्हणतो. प्रभू मार्ग दाखवेल.

वसईकर_८_०५:
वरचं बरोबर आहे पण दिवस मोजून मोजूनच तर ताई दमल्यात ना 😄
मी कॅथलिक, रोज वसई चर्चगेट करतो, म्हणजे आयुष्याचे तीन साडेतीन तास रोज लोकलला. मला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय आठवतो नेहमी. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरायला टेकलीय, बारा वर्षांची पोर, येशू निघालाय, सोबत ही गर्दी, आणि मध्येच तो थांबतो, मला कोण शिवलं म्हणून. शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत हे काय विचारणं झालं. शिवलेली ती बाई बारा वर्षं आजारी, सगळा पैसा वैद्यांवर गेलेला, ती काय दोन वाक्यांत उरकणार आहे का, सगळी हकिकत सांगते ती आणि तो ऐकून घेतो. याईराच्या जागी मी असतो तर डोकंच फिरलं असतं माझं. ती बरी तर शिवल्याबरोबर झालीच होती की, तरी थांबला. तुमच्या आजींना पण अध्याय नको असणार, काड्यांमागच्या गोष्टी ऐकायला माणूस हवं असणार.

पाळकीणबाई:
वसईकर भाऊ छान लिहिलंत, पण त्याच मार्कचा १ ला अध्याय पण वाचा. कफर्णहूम गावात संध्याकाळी सगळं गाव दाराशी, पहाटे येशू अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला, त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो की सगळे तुम्हाला शोधतायत, आणि येशू म्हणतो चला दुसऱ्या गावांना. परत गेला नाही! दारात माणसं असताना. मंडळीत हे कोणी सांगत नाही कारण चारच बायका सगळं ओढतात आणि बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं (मी पाळकाची बायको आहे, मला माहितीय). मोशेला त्याच्या सासऱ्यानं सुनावलंच होतं की असा एकटा करत राहिलास तर तूही थकशील आणि लोकही. कॉयर सोडा खुशाल. गाणारे मिळतात.

केडगाव_लाईन:
रमाबाईंचं कोणी कसं काढलं नाही. पंडिता रमाबाई केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायकामुलींचा आश्रम, सांभाळत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करत होत्या, ऐकू येईनासं झालेलं, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः. कुठून आणला असेल वेळ? पण पाळकीणबाईंचा मुद्दा इथंही आहेच, छपाई केडगावलाच, मुक्तीतल्या बायकामुलींच्या हातची. एकट्यानं नाही झालं ते. ताई, आजींकडे मुलाला घेऊन जा की, त्याचं मराठी वाचनही होईल.

नगरची_लेक:
उशिरा लिहितेय. कालच्या रविवारी प्रॅक्टिस बुडवली आणि मुलाला घेऊन गेले. इंग्लिश मीडियमचा आहे, शब्द जोडत जोडत वाचत होता, "नबुखद्नेस्सर" या राजाच्या नावाला अडकला तेव्हा आजींनी न बघता पुढची ओळ म्हणून दाखवली. सगळं पाठ आहे त्यांचं!! मी फोन पर्समध्येच ठेवला होता. निघताना म्हणाल्या, आज घाई नव्हती वाटतं तुला. म्हणजे इतके दिवस कळत होतं त्यांना, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा मात्र गारच होता.
बाकी कॉयरचं पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही, पाळकीणबाई तुम्हीच सांगा कसं सांगायचं ते.