मँगमचा आवाज आणि ती करवत
'न्यूट्रल मिल्क हॉटेल' या अमेरिकन बँडच्या 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' (१९९८) या अल्बमबद्दल कुणीतरी लिहिलंय, 'हा गायक नाही, भोंगा आहे, गाता येत नाही म्हणून ओरडतो'. ते वाचून हसू आलं. पहिल्या दोन गाण्यांपुरतं ते मान्यही आहे. बँडचा गायक जेफ मँगमचा आवाज नाकातून येतो, वरच्या पट्टीत फाटतो आणि ते झाकायची कुणी तसदीही घेतलेली नाही. पण 'गाता येत नाही म्हणून ओरडतो' हे काही पटलं नाही. हा अल्बम सोडून द्यायच्या आधी त्यातलं 'ओह कम्ली' तेवढं ऐका. आठ मिनिटांहून मोठं गाणं, बराच वेळ नुसती गिटार आणि आवाज, आणि ते त्याने एका टेकमध्ये, म्हणजे मधे न थांबता एकाच रेकॉर्डिंगमध्ये गायलंय. एवढा दमसास बेसुऱ्या माणसाकडे नसतो हो! हेडफोन लावून शेवटपर्यंत थांबलात तर स्टुडिओतल्या कुणाचा तरी थक्क होऊन निघालेला उद्गार लांबून ऐकू येतो. निर्माता रॉबर्ट श्नायडरने तो तसाच राहू दिला, हे मला फार आवडतं.

आणि शीर्षकगीतात 'मागे रडणारी ती बाई कोण' असं कुणीतरी विचारलंय. बाई नाही, करवत आहे ती! बँडमधला ज्युलियन कोस्टर करवतीचं पातं वाकवून त्यावर व्हायोलिनचा गज फिरवतो. बाक कमीजास्त केला की सूर खालीवर होतो. सुरांच्या जागा ठरवणारे पडदे मधे नसल्यामुळे सगळी मींडच, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. मँगमच्या खरखरीशेजारी ती इतकी गोड लागते की काही जागी मला तीच मुख्य गायिका वाटते.