३५ मिनिटांची तासिका, टाचण मात्र तासाभराचं

बर्डीची_शिक्षिका: इयत्ता सहावी, गणित, पट ४८. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज घ्यायची आहे. टाचणात उजळणी, प्रस्तावना, लसावि काढून तीन उदाहरणं, पाच सरावाची, शेवटी गृहपाठ. साहित्य म्हणून संत्री न्यावी म्हणते, आंबिया बहार आलाच आहे. पण सराव सुरू होतो न होतो तोच घंटा होते. काय कापू?

खडूफळा: आधी संत्रीच कापा मॅडम, टाचणातून! एकात नऊ फोडी, दुसऱ्यात अकरा. एक गुबगुबीत, शेजारची चपटी. अपूर्णांकाची पहिली अट समान भाग, ती तिथंच मोडते. वर सालं काढण्यात दहा मिनिटं जातात.

त्याऐवजी १२ सेंमी लांब, २ सेंमी रुंद कागदी पट्ट्या घ्या. १२ ला २, ३, ४, ६ या सगळ्यांनी भाग जातो. जोडीला तीन, म्हणजे २४ जोड्यांना ७२. ए-फोरच्या एका कागदातून २० निघतात, चार कागद पुरे.

फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहा आणि गप्प राहा. मुलं एका पट्टीतून ६ सेंमी कापतील, दुसरीतून ४. दोन्ही तुकडे तिसऱ्या अख्ख्या पट्टीवर ओळीनं ठेवले की १० सेंमी भरतात. २/५ म्हणजे तर ४.८ सेंमी, नुसत्या अर्ध्याहून कमी! बेरीज करून वस्तू घटली कशी, हे मुलांनाच विचारा. १२ पैकी १० म्हणजे ५/६ इथवर ती आपसूक येतात. लसावि त्यानंतर काढा. आधी काढलात तर तो निव्वळ मंत्र होतो.

वेळ ३० मिनिटांचीच धरा: चुकीचं उत्तर ४, पट्ट्या ९, फळ्यावर दोन उदाहरणं ७, सराव ६, चिठ्ठी (शेवटी प्रत्येकानं एक उदाहरण सोडवून द्यायचा कागद) ४. उरलेली ५ वाटपात आणि वह्या काढण्यात जातातच.

उलटं_टाचण: चिठ्ठीचा प्रश्न सगळ्यात आधी ठरवा, टाचण त्यावरून मागं लिहीत या. ‘बेरीज समजते’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘लसावि काढून दोन अपूर्णांकांची बेरीज करतो’ हे येतं.

चिठ्ठीवर एकच उदाहरण, १/४ + १/६. उत्तर ५/१२. २/१० लिहिणाऱ्यानं अंश-छेद दोन्ही मिळवले, त्याच्या हाती पुन्हा पट्ट्या द्या. २/१२ वाल्यानं लसावि बरोबर काढला, पण अंश तसेच ठेवले. चूक नेहमीची, आणि तासभर शिकवून झाल्यावरही दिसते ती हीच. १०/२४ वाला बरोबर आहे, फक्त संक्षिप्त रूप राहिलं. शिक्षक-कक्षात तीन गठ्ठे करायला दहा मिनिटं लागतात, आणि उद्याची उजळणी तिथंच ठरते.

मागचा_बाक: पंखा विसरू नका जी. ऑक्टोबरात तो बंद ठेवणं शक्य नाही आणि झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या वर्गभर उडतात. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घ्या. घडी घालून तिसरा भाग नीट येत नाही, मोजपट्टीनं मोजून खूण करायला सांगा.

बर्डीची_शिक्षिका: मग सरावाची पाचही उदाहरणं?

खडूफळा: दोन वर्गात, दोन घरी. पाचवं २/१२ वाल्यांसाठी उद्या ठेवा.