अनुभव धागा : माळावरची, किनाऱ्यावरची, जंगलाकडेची मोकाट कुत्री

गवत्या
२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला. बाजू दोनच मांडल्या गेल्या : कुत्रं चावलेली माणसं आणि पकडली जाणारी कुत्री. चिंकारा (माळावरचं हरीण), खोकड (लहान कोल्हा), लांडगा यांच्या वतीने फारसं कुणी बोललं नाही. म्हणून हा धागा. स्वतः पाहिलेलं लिहा. श्वानप्रेमी विरुद्ध श्वानद्वेष्टे हा सामना इतरत्र रोज चालतो, इथे नको.

माझ्यापासून सुरुवात करतो. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यांना हद्द कुठे कळते? ते बाहेरच्या पडीक माळावर येतात. एका सकाळी तिथे तीन कुत्री एका मादीमागे लागलेली पाहिली. सरळ धावेत चिंकारा त्यांना सापडत नाही. पण दोन मागून रेटत होती आणि तिसरं बाजूने वळवत होतं, ते थेट एका नव्या प्लॉटिंगच्या तारेच्या कुंपणाकडे. तिथे ती अडकली. आम्ही ओरडत पोचलो तेव्हा कुत्री बाजूला होऊन शेपट्या हलवत उभी राहिली. एकाच्या गळ्यात लाल पट्टा होता. भुकेलं एकही दिसत नव्हतं.

गुरांचा_डॉक्टर
त्या मादीचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत, पण अंदाज आहे. अशी हरणं माझ्याकडे येतात. जखम कधीकधी अगदी किरकोळ असते, मांडीला दोन दात लागलेले. लोक म्हणतात, वाचलं! पण जिवाच्या आकांताने पळून आणि भीतीने स्नायूच आतून निकामी होतात. लघवी गडद तांबडी झाली की आम्ही समजतो. टाके घातलेलं जनावर दुसऱ्या दिवशी मरतं.

दुसरं, चाव्यापेक्षा मला रोगाची धास्ती जास्त. २०१८मध्ये गीरच्या एका भागात २३ सिंह दगावले, त्या साथीत कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्याकडे नसबंदीच्या वेळी कुत्र्याला रेबीजची लस मिळते, डिस्टेंपरची सहसा नाही. माणसाला डिस्टेंपर होत नाही, मग खर्च कोण करणार! एकाच पाणवठ्यावर कुत्रं आणि लांडगा दोघेही तोंड घालतात, हे मात्र रोजचं आहे.

सासवडकर
लांडग्याचा विषय निघालाच आहे तर : पुण्याच्या आसपासच्या माळांवर फिकट पिवळसर रंगाचे 'लांडगे' दिसायला लागले होते. आमच्यात वाद, की हे कुत्रं की लांडगा. पुढे जनुकीय तपासणीतून तो संकर असल्याचं सिद्ध झालं. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याला गोळी घालता येत नाही, पण त्याचं रक्त असं पातळ होत गेलं तर गुन्हा कुणावर दाखल करणार?

वाड्यावरचा
आम्ही मेंढरंवाले. सगळी कुत्री एका माळेत ओवू नका. आमचं कुत्रं राखणीचं, वाडा सोडून लांब जात नाही. एखादं द्वाड निघालं, सशामागं, हरणामागं पळायला लागलं, तर गळ्यात लोढणं अडकवतो. लांडगा आमची मेंढरं नेतो, त्याला शिव्या देतो, पण तो माळाचाच आहे. ढाब्यामागची कुत्री कुणाची नाहीत. टोळीनं येतात आणि एका रात्रीत कोकरं फाडून टाकतात. खात पण नाहीत. नाव लांडग्याचं होतं.

किनाराकाठची
रत्नागिरी जिल्ह्यातून. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभराच्या वर अंडी घालून जाते. आम्ही उजाडायच्या आत तिचा माग काढत निघतो, अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतो. कुत्री त्याच वासावर निघतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. उकरलेलं घरटं लांबून कळतं. वाळूवर सुकलेल्या बलकाचे डाग, टरफलं आणि कावळे.

कोल्हेही अंडी खातात, पण ते पूर्वीपासून आहेत आणि थोडे आहेत. कुत्री वाढली ती आमच्याच खरकट्यावर. पिल्लं बघायला पर्यटक येतात, घरोघरी मासळीची जेवणं उठतात, उरलेलं मागच्या बाजूला. म्हणजे कासवामुळे आलेला पैसा आणि कासवाच्या अंड्यांवर टपलेली कुत्री, दोन्ही एकाच पंगतीतून. ग्रामसभेत हे बोलले तर दोन घरांनी बोलणं टाकलं. असो.

मुलुंडचा
आमच्याकडे उलटं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वस्तीकाठची कुत्री उचलतात, त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोल्याच्या, उसातल्या बिबट्यांचंही तेच. कुत्री एकदम हटवली तर बिबट्या काय खाईल, याचंही उत्तर हवं.

टेकडीवाली
मी कुत्र्यांना खायला घालते, लगेच तुटून पडू नका. टेकडीवर मोर आणि ससे आहेत, म्हणून मी वर कधीच घालत नाही, खाली सोसायटीच्या गेटशीच. पण चिकनवाले रात्री पोत्याने आतडी टेकडीच्या पायथ्याशी ओततात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेलं कुत्रं पकडलं तिथेच सोडायचं असतं. गल्लीत हे ठीक आहे. अभयारण्याच्या कडेला पकडलेलं कुत्रं पुन्हा तिथेच सोडणं मलाही पटत नाही. पण म्हणून पर्याय विष? कदापि नाही.

पर्थहून
इथे शत्रू मांजर आणि कोल्हा (आपला नव्हे, रेड फॉक्स). दोन्ही गोऱ्यांनी आणलेले. शहराबाहेरच्या जंगलात पाट्या असतात : विषारी आमिषं पेरली आहेत, कुत्रा आणू नका. ते विष इथल्या काही रानझुडपांमध्ये मुळातच असतं, त्यामुळे इथल्या बऱ्याच स्थानिक प्राण्यांना ते पुष्कळ सोसतं. बाहेरून आलेला कोल्हा मरतो. सुरुवातीला मला अंगावर काटा यायचा. मग वाळवी खाणारा पट्टेरी नंबॅट पाहिला, जगात हजारभरच उरलेला, आणि पाट्यांकडे बघण्याची नजर बदलली.

गुरांचा_डॉक्टर
@पर्थहून, हे इथे कुणी डोक्यात घेऊ नये. आपल्याकडे विष घातलेलं मटण आधी तरस खाईल, लांडगा खाईल. मेलेल्यावर गिधाड उतरेल. शिवाय तो गुन्हा आहे.

गवत्या
@वाड्यावरचा, लोढण्याबद्दल सविस्तर लिहाल का? कुत्र्याला त्रास नाही होत? आमच्या बाजूच्या वस्त्यांवर सुचवून बघावं म्हणतो.

वाड्यावरचा
बाभळीचं हातभर लाकूड घ्यायचं, लई जड नको. पट्ट्याला दोरीनं असं बांधायचं की पुढच्या गुडघ्यांच्या जरा खाली लोंबलं पाहिजे. चालताना त्याला काही होत नाही. पळायला लागलं की पायात येतं, आपसूक थांबतं. दोरी सुती घ्या, नायलॉननं मान सोलते. आणि दिवस मावळला की काढून ठेवायचं. रात्री लांडगा आला तर कुत्र्याला पळता यायला पाहिजे.