मदत हवी आहे : सांख्यिकी पूर्ण समजत नसताना न्यूरोसायन्सच्या पेपरचे परीक्षण स्वीकारावे का?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवतो. कीटकनाशकांचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. त्यावरचे माझे पेपर पाहून एका जर्नलच्या संपादकांनी, न्यूरोसायन्समधील (मेंदू व मज्जासंस्थेच्या विज्ञानातील) एका नव्या संशोधनाचे, ते छापण्यापूर्वी, परीक्षण कराल का, असे मला विचारले आहे. मी यापूर्वी रिव्ह्यूअर म्हणून काम केलेले नाही आणि आमच्या महाविद्यालयात या विषयात सल्ला देऊ शकेल असे कोणी नाही, म्हणून हा धागा काढत आहे. सध्या माझ्या हाती केवळ सारांश आहे. तोही गोपनीय असल्याने त्यातील काहीच येथे सांगणार नाही. अडचण कळावी म्हणून पुढचे उदाहरण मी स्वतः रचले आहे.

समजा, कपाशीवर ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे फवारणाऱ्या मजुरांची आणि फवारणी न करणाऱ्यांची स्मरणशक्ती व एकाग्रता कोणी तपासली, सोबत ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) नोंदवला, आणि फवारणाऱ्यांचे गुण कमी आले म्हणून औषधाने त्यांच्या मेंदूवर कायमचा परिणाम झाला, असा निष्कर्ष काढला. ही औषधे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम निकामी करतात आणि त्यामुळे चेतापेशींच्या जोडांवर अ‍ॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन साचत जाते, याबद्दल वाद नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. ते ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना असा निष्कर्ष वाचताक्षणी पटतो. परीक्षकाने मात्र नेमके तेथेच थांबायला हवे, असे मला वाटते.

याचे कारण असे की, पाठीवर पंप घेऊन फवारणीला जाणारा माणूस बहुधा भूमिहीन मजूर किंवा सालगडी असतो, त्याची शाळा लवकर सुटलेली असते, आणि तो कोलाम किंवा गोंड कुटुंबातला असेल तर त्याच्या घरची भाषाही मराठी नसते. तुलनेसाठी तालुक्यातला दुकानदार किंवा कार्यालयातला शिपाई घेतला आणि चाचणी प्रमाण मराठीत झाली, तर गुणांतला फरक औषधामुळे पडला, शिक्षणामुळे पडला की भाषेमुळे, हे कसे ठरवणार? मोका (MoCA) या स्मरणशक्ती व आकलन तपासणाऱ्या प्रचलित चाचणीत शिक्षण बारा वर्षांपेक्षा जास्त नसेल तर एक गुण वाढवून देतात. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची भरपाई त्या एका गुणाने होते, हे मला पटत नाही. शिवाय ‘फवारणी न करणारे’ म्हणून ज्यांची नोंद होते, त्यांच्यातल्या कितीतरी स्त्रिया त्याच वावरात निंदणाला आणि वेचणीला जातात.

औषधाचा संपर्क किती झाला हे पाहण्यासाठी रक्तातील कोलिनएस्टरेज गटातले एन्झाइम मोजतात, तेव्हा ते रक्त केव्हा घेतले, हाही प्रश्न आहेच. प्लाझ्मातील कोलिनएस्टरेज काही आठवड्यांत पूर्ववत होते, तर तांबड्या पेशींतील पातळी भरून यायला, त्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे, तीनेक महिने लागू शकतात. निरोगी माणसांतही ही पातळी व्यक्तीगणिक बरीच वेगळी असते. त्यामुळे हंगामापूर्वीचा नमुना नसेल, तर हंगामानंतरच्या एकट्या आकड्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

एवढे मी जबाबदारीने तपासू शकतो. ईईजीच्या नोंदी कशा गाळल्या आणि कोणते सांख्यिकी मॉडेल वापरले, हे मात्र मी पूर्णपणे जोखू शकत नाही, आणि या क्षेत्रात तो भाग दुय्यम नाही. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांच्या ७० गटांना एकच एफएमआरआय (मेंदूची क्रियाशीलता टिपणाऱ्या स्कॅनचा) डेटा दिला होता, कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि अनेक गृहीतकांवर त्यांचे निष्कर्षही जुळले नाहीत. असे असताना मी होकार द्यावा का? दिल्यास ही मर्यादा संपादकांना केव्हा आणि कशी कळवावी? आणि सांख्यिकी जाणणाऱ्या मित्राला हस्तलिखित दाखवता येते का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

सर, आपण होकार द्यावा. संपादक बहुधा दोन-तीन परीक्षक निवडतात आणि प्रत्येकाने सगळेच तपासावे अशी त्यांची अपेक्षा नसते. मर्यादा मात्र होकाराच्या ईमेलमध्येच कळवा: ‘नमुन्याची निवड, विषाच्या संपर्काचे मोजमाप आणि जीवरसायन यांवर मी मत देऊ शकेन, ईईजीच्या विश्लेषणासाठी कृपया अन्य तज्ज्ञ नेमावा.’ अहवालाच्या आरंभीही हेच लिहा, कारण परीक्षक ज्या भागाबद्दल गप्प राहतो, तो भाग त्याला मान्य आहे असाच अर्थ पुढे लावला जातो. मित्राला दाखवायचे असेल तर आधी संपादकांची लेखी परवानगी घ्या आणि मित्राचे नाव त्यांना कळवा. हस्तलिखित एखाद्या एआय साधनात टाकण्यास अनेक जर्नलांची स्पष्ट मनाई आहे, तेही लक्षात असू द्या.

सांख्यिकीतली एक गोष्ट आपण निश्चित पाहू शकता. फवारणाऱ्या गटात हंगामानंतरचा बदल लक्षणीय निघाला आणि दुसऱ्या गटात तो निघाला नाही, एवढ्यावर दोन गट वेगळे ठरत नाहीत. दोन बदलांमधल्या फरकाचीच थेट चाचणी व्हावी लागते. २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या एका पाहणीत, जेथे ही चूक होऊ शकत होती अशा १५७ पेपरांपैकी ७९ मध्ये ती झालेली आढळली, आणि हे सगळे पेपर नामांकित जर्नलांतले होते. नमुन्याचा आकार कसा ठरवला, हेही विचारा. २०१३ च्या एका विश्लेषणात न्यूरोसायन्समधील अभ्यासांची मध्यक सांख्यिकी शक्ती, म्हणजे खरा परिणाम असल्यास तो सापडण्याची शक्यता, सुमारे २१ टक्के निघाली होती. इतक्या कमी शक्तीच्या अभ्यासात खरा परिणाम बहुतेकदा निसटतो आणि जो सापडतो तो फुगलेला दिसतो.

आणखी एक प्रतिसाद

वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे. मुख्य दावा जर ईईजीवरच उभा असेल, तर नम्रपणे नकार देऊन त्या विषयातल्या जाणकाराचे नाव सुचवणे लेखकांच्याही हिताचे ठरेल. दावा लोकांवर आणि त्यांच्या कामाच्या परिस्थितीवर बेतलेला असेल, तर आपल्यासारखा परीक्षक संपादकांना सहज मिळत नाही. तेव्हा नकार देऊ नये.

धागाकर्ता

मॅडम, सर, दोघांचेही मनापासून आभार. सारांशावरून पाहता मुख्य दावा माझ्या आवाक्यातला आहे, त्यामुळे मर्यादा स्पष्ट नोंदवून होकार कळवत आहे. मित्राबद्दलची परवानगीही त्याच ईमेलमध्ये मागतो.

एक शंका उरते. माझ्या उदाहरणातल्यासारखा तुलनेचा गटच चुकीचा निवडलेला असेल, तर तो दोष नव्या विश्लेषणाने दूर होत नाही. शिक्षणाची वर्षे गणितात धरून काही प्रमाणात दुरुस्ती होते, पण एका गटात सगळेच कमी शिकलेले आणि दुसऱ्यात सगळेच जास्त शिकलेले असतील, तर तीही फसवी ठरते. अशा वेळी पेपर नाकारण्याची शिफारस करावी, की ‘कायमचा परिणाम’ हा दावा मागे घेऊन केवळ मोजमापे प्रसिद्ध करण्यास सुचवावे? मजुरांनी कामाचा दिवस बुडवून चाचण्या दिलेल्या असतात, त्यांची माहिती पेटीत पडून राहू नये असे मनापासून वाटते, आणि अर्धवट पुराव्यावर त्यांच्या बुद्धीबद्दल काही छापून येऊ नये असेही तितकेच वाटते. संपादकांना अशी दुहेरी शिफारस कोणी केली असल्यास कृपया अनुभव लिहावा.