परसातलं वर्ष: फळझाडं, कढीपत्ता, गवती चहा… तुमचे अनुभव लिहा

आमच्या मागच्या अंगणातल्या कागदी लिंबाला सहा वर्षं एकही फळ धरलं नाही. झाड मात्र देखणं. पानं गर्द हिरवी, एखादं चुरगाळलं तर तासभर हाताला वास राहावा अशी. धुण्याच्या दगडाचं पाणी सरळ त्याच्या आळ्यात सोडलेलं, त्यामुळे बारा महिने मुळं ओली. वर दर महिन्याला मी घमेलंभर शेणखत घालायचे. शेजारच्या आजोबांनी एक दिवस कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू त्याला कधी तहान लागूच देत नाहीस. त्याला फळाची आठवण कशी व्हावी?"

त्यांच्या सांगण्यावरून त्या डिसेंबरात मातीचा बांध घालून पाणी दुसरीकडे वळवलं. पंधरा दिवसांत पानांची चमक गेली. तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज सकाळी मी तांब्या घेऊन जायचे आणि तसाच परत आणायचे. महिना भरल्यावर आळं हलक्या हाताने चाळलं, कुजलेलं शेणखत मिसळलं, पहिलं पाणी बेताचं दिलं, दुसरं जरा जास्त, तिसरं भरपूर. फेब्रुवारीत फांद्या फुलांनी पांढऱ्या झाल्या आणि जूनच्या शेवटी पाटी भरून लिंबं उतरवली.

शेतकऱ्यांना यात नवीन काही नाही. ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, बहार धरायचा (फुलं आणायची), मग तो हिवाळ्याअखेरचा आंबिया असो, पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग असो की पावसाळ्याअखेरचा हस्त, हे त्यांचं रोजचं शास्त्र. आपण घरच्या झाडांच्या बाबतीत मात्र रोज पाणी घालणं म्हणजेच माया असं धरून चालतो. आमची जमीन मुरमाड आहे म्हणून महिनाभरात काम झालं. खोल काळ्या मातीत ओल टिकते, तिथे जास्त दिवस थांबावं लागतं.

तुमच्या परसात, गच्चीत, गॅलरीत काय आहे? कुठल्या महिन्यात काय करता आणि कधी हात आवरता? मेलेल्या झाडांबद्दलही लिहा. त्यातून जास्त शिकायला मिळतं.

पुणे

लिंबाचं वाचून आमचा आंबा आठवला. बंगल्याच्या कोपऱ्यातलं हापूसचं कलम. दिवाळी झाली की उन्हाळ्याची तयारी म्हणून मी त्याला आठवड्यातून दोनदा पाइप लावायचो. जानेवारीत शेजारपाजारच्या आंब्यांना मोहोर आणि आमच्या झाडाला तांबूस कोवळी पालवी. दोन वर्षं असंच झालं. तिसऱ्या वर्षी पाऊस संपल्यावर पाइप गुंडाळून ठेवला तो कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावरच काढला. त्या वर्षी पहिल्यांदा झाडावर आंबे पाहिले.

मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आली की रोज सकाळी झाडाखाली उभं राहतो. पानं चिकट लागली की तुडतुडे आले समजायचं. निंबोळी अर्क तेव्हाच फवारला तर उपयोग होतो, मोहोर काळा पडल्यावर नाही. आणि फुलं पूर्ण उमललेली असताना मी फवारणी करत नाही, कारण तेव्हा माश्या आणि मधमाश्या कामाला असतात.

नागपूर

संत्र्याच्या गावात राहून दारात संत्र्याचं झाड नाही, ही वडिलांना खंत होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी रोपवाटिकेतून दोन कलमं आणली. वारा लागू नये, रोप घट्ट बसावं म्हणून खोल खड्ड्यात लावली आणि कलमाचा जोड मातीखाली गेला. आळं बुंध्याला लागून. चौथ्या पावसाळ्यात एकाच्या बुंध्यातून डिंक वाहायला लागला. इकडे त्याला डिंक्या म्हणतात. साल कुजत गेली आणि दिवाळीपर्यंत वरचं सगळं झाड वाळलं.

उन्हाळ्याच्या आधी त्याच बुडातून जोमदार फुटवे आले. आम्हाला काय आनंद झाला! वडील रोज त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसत. तीन वर्षांनी फळं आली ती जाड, खडबडीत सालीची आणि आंबटढाण. संत्र्याचं कलम ज्या जंबेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधतात, तो खुंटच वाढला होता. फुटव्यांना लांब काटे होते, पानं वेगळी होती. डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं, पण झाड जगलं याच आनंदात आम्ही होतो.

आता दुसऱ्या झाडाची काळजी अशी घेतो. जोड दिसेपर्यंत माती उकरून काढली. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा आणि त्याच्या बाहेर पाण्याचं आळं, म्हणजे दोन गोल, पाणी बाहेरच्या गोलात, खोड कोरडं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरच्या एका झाडाला याचा दहावा भागही पुष्कळ होतो. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नका, प्लास्टिकची घ्या. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आळ्यात वीतभर पालापाचोळा अंथरतो आणि संध्याकाळीच पाणी देतो. जंबेरीचं झाड वडिलांनी तोडू दिलं नाही. ते गेल्यावर आम्हीही तोडलं नाही. त्या फळांचं लोणचं फार छान होतं.

ठाणे, तिसरा मजला

गॅलरी पूर्वेकडची, ऊन अकरापर्यंत. त्यामुळे फळझाडांचा नाद सोडला आणि पानांवर लक्ष दिलं. कढीपत्ता, पुदिना, पानओवा, गवती चहा, थंडीत कोथिंबीर.

कढीपत्त्याचं बी साठवून ठेवू नका, त्याची उगवण फार लवकर जाते. काळी पिकलेली फळं मिळाली की गर धुऊन त्याच दिवशी पेरायची. माझं झाड दोन वर्षं काठीसारखं सरळ वर गेलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी छातीवर दगड ठेवून शेंडा छाटला, तेव्हा बाजूने पाच फांद्या फुटल्या. थंडीत ते वाढतच नाही. आधी मी घाबरून खत घालायचे, आता डिसेंबर-जानेवारीत पाणीसुद्धा कमी करते.

पावसाळ्यात पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या येतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढतात, उग्र वास येतो. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून फुलपाखरं दोन्हींवर अंडी घालतात. आधी मी चिमट्याने काढून टाकायचे. मुलीने एक अळी बरणीत वाढवली, तिचा कोष झाला आणि एका सकाळी शाळेत जायच्या गडबडीत काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बाहेर आलं. तेव्हापासून बियांतून आलेली चार-पाच जास्तीची रोपं एका कुंडीत वेगळी ठेवली आहेत. मोठ्या झाडावरच्या अळ्या उचलून तिथे नेऊन सोडतो. फोडणीपुरती पानं उरतात.

सिंधुदुर्ग

आजी म्हणायची, "मिरग इलो, आता लाव", म्हणजे मृग नक्षत्र लागलं. त्याच मिरगात मी रातांब्याची (कोकमाची) दोन रोपं लावली, बियांची. आठ वर्षं थांबलो. फुलं आली आणि दोन्ही झाडं नर निघाली. रातांब्यात नर-मादी वेगळी असतात आणि बियांच्या रोपाचं ते फुलल्याशिवाय कळत नाही. एक ठेवलं, दुसऱ्याच्या जागी कलम लावलं.

कलम घेताना एक पाहून घ्या. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं. मोठ्या बागेत चालतं, परसात जागा खातं.

फळं एप्रिल-मेमध्ये तयार होतात आणि खरी घाई तिथे असते. सालं काढून मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात, असे पाच-सहा दिवस. मधेच वळिवाची सर आली तर आमसुलांना बुरशी धरते. म्हणून मे महिन्यात आमच्या घरात एक माणूस सतत आभाळाकडे बघत असतो. बियांचं मुठेल (घट्ट तेल) काढायचं काम आई अजून स्वतः करते. थंडीत टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बार्शी

सीताफळ. फुलं ढीगभर, फळं चार. फुलाची मादी बाजू आधी तयार होते आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःला मिळत नाही. आमच्याकडे हवा कोरडी, म्हणून अडचण जास्त. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग कागदावर झाडून घ्यायचा आणि सकाळी लवकर अर्धवट उमललेल्या फुलांत बारीक ब्रशने लावायचा. मागच्या जुलैत तीस फुलांना केलं, अकरा फळं टिकली. हिवाळ्यात झाड निष्पर्ण होतं तेव्हा ते मेलं असं समजून उपटू नका. आमच्या भाडेकरूंनी उपटलं होतं.

न्यू जर्सी

इथे दोनच ऋतू मोजते: कुंड्या बाहेर आणि कुंड्या आत. मेच्या मध्यापर्यंत हिमकणांची भीती असते, त्यामुळे एप्रिलमधल्या एखाद्या उबदार दुपारी मोह झाला तरी कढीपत्ता बाहेर काढत नाही. एकदा काढला होता, एका रात्रीत सगळी पानं काळी पडली. सप्टेंबरअखेर तो दक्षिणेकडच्या खिडकीत येतो, निम्मी पानं गाळतो आणि मार्चपर्यंत झोपतो. पहिल्या दोन हिवाळ्यांत त्याला जागवायच्या नादात पाणी घालून घालून दोन रोपं मुळातून कुजवली. आता बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. गवती चहाचा गड्डा ऑक्टोबरात उपटून त्यातल्या चार काड्या कुंडीत लावते, बाकीची पात वाळवून डब्यात भरते.

शेजारी इटालियन वंशाचे आजोबा आहेत. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास ते अंजिराच्या फांद्या दोरीने एकत्र बांधून त्यावर गोणपाट गुंडाळतात, मध्ये सुकी पानं भरतात. त्यांचे वडीलही असंच करत. मला त्यांनी एक फाटा दिला, आता माझंही अंजीर गोणपाटात झोपतं. माहेर पुरंदर तालुक्यात, अंजिराच्या बागांमध्ये. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "अगं, त्याला स्वेटर घातलास की!"

श्रीवर्धन

उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं कळत नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची वाडी सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली: नारळ, सुपारी, मधे जायफळ आणि कडेला दोन रायवळ आंबे. सकाळी वारा सुरू झाला. दुपारी आम्ही दार आतून धरून उभे होतो आणि बाहेर पोफळी (सुपारीची झाडं) मोडल्याचा आवाज येत होता, एकामागून एक. संध्याकाळी दार उघडलं तर समोर आभाळ दिसलं. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मी कधी आभाळ पाहिलं नव्हतं.

झाडं गेली हे सगळ्यांना दिसलं. पुढचं कुणाला सांगितलं तर पटत नाही. वाचलेली झाडं ऑक्टोबरच्या उन्हात गेली. जायफळ आणि लहान पोफळी आयुष्यभर सावलीत वाढलेल्या, त्यांच्या खोडांवर पश्चिमेचं ऊन थेट पडलं आणि साली भाजल्या. मग पडलेल्या माडांच्याच झावळ्या विणून झाप केले आणि उरलेल्या रोपांना पश्चिमेकडून आडोसा केला. आधी केळी लावल्या. सगळे म्हणत होते पोफळी लावा, वर्षं वाया जातायत. सासूबाई ठाम होत्या: आधी सावली, मग सुपारी. केळींनी वर्षभरात सावली धरली, तेव्हा त्यांच्यामध्ये रोपं लावली. आडव्या पडलेल्या एका आंब्याची निम्मी मुळं जमिनीत होती, त्याच्या मोडक्या फांद्या छाटल्या, उघड्या मुळांवर माती लोटली. तो अजून तिरपाच आहे, पण दोन वर्षांपूर्वी मोहोरला.

शेणखत, पाणी, शाकारणी सगळं पूर्वीसारखं चालू आहे. यंदा नवीन पोफळींपैकी तिघींना पहिला घोस आला. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांचा हात धरून नेलं आणि खोडावर ठेवला. जायफळाची रोपं मात्र अजून मिळालेली नाहीत.

फोंडा, गोवा

मी नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी लावायच्या हळदीबद्दल लिहायला बसले होते, ते पुन्हा कधीतरी. श्रीवर्धनच्या ताई, आमच्या कुळागरात (सुपारी-मसाल्यांच्या बागेत) जायफळाची रोपं आहेत. बियांची नेऊ नका. वर रातांब्याचं लिहिलंय तसंच जायफळाचं, नर निघालं तर सात-आठ वर्षं गेली. मादी झाडाच्या काडीची कलमं आम्ही बांधली आहेत, त्यातली चार तुमच्यासाठी बाजूला ठेवते. जूनमध्ये पहिले दोन पाऊस जमिनीत मुरले की कुणाला तरी पाठवा. येताना मुळांना गुंडाळायला गोणपाट आणा, आणि केळीची सावली तोपर्यंत तोडू नका.