क्रूझवरचं ड्रिंक्स पॅकेज: सात रात्रींसाठी घ्यावं की सुटं प्यावं?

खारावारा
नमस्कार मंडळी. रॉयल कॅरिबियनची सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक केली आहे. तीन दिवस पूर्ण समुद्रात, तीन दिवस बंदरांवर आणि एक जहाजावर चढण्याचा दिवस. ॲपमध्ये डीलक्स बेव्हरेज पॅकेज (रोजची ठरलेली रक्कम आधीच भरायची, मग दारूसकट ड्रिंक्सचे वेगळे पैसे नाहीत) माणशी, दिवसाला 80 डॉलर दाखवतंय. मला दिवसभरात दोन-तीन कॉकटेल आणि जेवताना ग्लासभर वाइन पुरते. बायको दारू घेत नाही, पण चांगली कॉफी तिला दोनदा लागतेच आणि संध्याकाळी एखादं मॉकटेल. पैसे वसूल होतील का? आणि एकट्यापुरतं पॅकेज घेता येतं का?

लाटमोजणी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तुमचा निर्णय तिथेच लागतो. एकट्यापुरतं घेता येत नाही. एका केबिनमधल्या एका प्रौढाने डीलक्स घेतलं की त्या केबिनमधल्या 21 वर्षांवरच्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं. नियम यासाठी आहे की एकाच्या कार्डावर दोघांनी पिऊ नये.

आता हिशेब. 80 डॉलरवर 18 टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, म्हणजे दिवसाला 94.40. सात दिवसांचे माणशी 660.80, दोघांचे 1321.60 डॉलर. बरेच जण इथेच घसरतात: पॅकेजचा चार्जविना आकडा घेतात आणि सुट्या ड्रिंकचा चार्ज धरून. दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे सोडा.

सुट्याचे दर साधारण असे धरतो: कॉकटेल 13, वाइनचा ग्लास 12, बिअर 8, मॉकटेल 8, एस्प्रेसोवाली कॉफी 5, पाण्याची बाटली 3.50. तुमच्या जहाजाच्या मेन्यूतले आकडे त्या जागी टाका. चार्जसकट कॉकटेल 15.34 ला पडतं. म्हणजे नुसत्या कॉकटेलवर पॅकेज वसूल करायचं तर रोज सहाच्या वर हवीत. नुसत्या बिअरवर बरोबर दहा.

तुमच्या बाबतीत हात सैल सोडून मोजू. समुद्रातल्या दिवशी एक कॉफी, दोन पाणी, पाच कॉकटेल, एक वाइन: 105.02. असे तीन दिवस 315.06. बंदरावरच्या दिवशी माणूस सकाळी उतरतो तो संध्याकाळी परततो, तेव्हा एक कॉफी, दोन कॉकटेल, एक वाइन: 50.74. चढण्याचा दिवसही असाच अर्धा, म्हणून असे चार दिवस 202.96. तुमची बेरीज 518.02.

वहिनींच्या दोन कॉफी आणि एक मॉकटेल म्हणजे रोज 21.24, आठवड्याचे 148.68. दोघांचं मिळून सुटं 666.70. पॅकेज 1321.60. समुद्रातल्या दिवशी तुम्ही सांगितलंत त्याच्या जवळपास दुप्पट कॉकटेल धरूनही पॅकेज जवळपास दुप्पट महाग पडतंय.

गॅली_पोर्टहोल
लाटमोजणींनी हिशेब चोख मांडलाय. एक पुस्ती. दुसरा माणूस दारू घेतच नसेल, तर निघण्याआधी कंपनीला फोन करून विचारा. गरोदरपण, औषधं किंवा धर्माचं कारण असेल तर काही कंपन्या त्याला बिनदारूचं पॅकेज देऊन सूट देतात. ॲपवर हा पर्याय दिसत नाही, फोनवरच होतं, आणि मिळेलच असं गृहीत धरू नका. पण सूट मिळाली म्हणून उडी मारू नका. ते दुसरं पॅकेज दिवसाला 32 डॉलर धरलं तरी चार्जसकट आठवड्याचे 264.32 होतात, आणि वहिनींचा खर्च 148.68 आहे.

दुसरं म्हणजे फुकट काय आहे ते आधी बघा. साधं पाणी, बर्फ, साधी कॉफी, चहा, दूध, लिंबूपाणी, नाश्त्याच्या वेळचे ज्यूस, हे सगळं तिकिटात धरलेलं असतं. रिकामी बाटली सोबत न्या आणि बुफेच्या नळावर भरा. मग पाण्याच्या बाटल्या हिशेबातूनच जातात. आणि जहाजावर स्टारबक्सचं वेगळं दुकान असेल तर तिथे रॉयलचं पॅकेज चालत नाही. कॉफीच्या भरवशावर पॅकेज घेणाऱ्यांनी हे नीट पाहून ठेवावं.

दर्यावर्दी_२
कंपनी बदलली की नियमही बदलतात, म्हणून पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहितो. रॉयलमध्ये ड्रिंकच्या संख्येला रोजची मर्यादा नाही, पण एका ड्रिंकची किंमत 14 डॉलरपर्यंतच धरली जाते. 17 चं मागवलं तर वरचे 3 डॉलर आणि त्यावर चार्ज, म्हणजे 3.54 खात्यावर पडतात. कार्निव्हलच्या चीअर्स या पॅकेजमध्ये मर्यादा 20 डॉलरची आहे. तिथे त्यापेक्षा महाग ड्रिंक घेतलं तर फरक भरायचा नसतो. 25 टक्के सवलत मिळते आणि बाकी सगळी रक्कम तुमची. शिवाय सकाळी 6 ते दुसऱ्या सकाळी 6 या 24 तासांत दारूचे 15 ग्लास, एका वेळी एकच, आणि दोन ड्रिंकमध्ये पाच मिनिटं. टेक्सस किंवा न्यू यॉर्कहून निघणाऱ्या फेऱ्यांवर चीअर्स पहिल्या दिवशी चालत नाही. प्रिन्सेसच्या प्लस पॅकेजमध्येही रोज 15 ची मर्यादा आहे, मात्र त्यात वायफाय आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप येते. ते दोन्ही तुम्ही एरवी घेणारच असाल, तर त्यांचे पैसे वजा करून उरलेला आकडाच ड्रिंकचा म्हणून मोजा.

नॉर्वेजियनच्या 'फ्री ॲट सी' मधलं पॅकेज फुकट म्हणतात, पण त्यावरचा 20 टक्के चार्ज बुकिंगच्या वेळीच घेतात, तोही पॅकेजच्या पूर्ण किमतीवर. अशा ऑफरमध्ये तुलना त्या चार्जशी करायची. तो रोजच्या दोन कॉकटेलच्या आसपास असेल तर खुशाल घ्या.

सुकाणू
पॅकेज घेणारा प्रत्येक जण फसतो असं चित्र इथे उभं राहतंय, ते मला पटत नाही. खारावारा यांनी घेऊ नये हे बरोबर. पण अटलांटिक ओलांडणारी फेरी घ्या, जिथे सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. वरच्याच दरांनी, ज्यूस 6 डॉलर धरून: दोन कॉफी, तीन पाणी, एक ताजा ज्यूस, दोन बिअर, दोन कॉकटेल, एक वाइन. बेरीज 94.99. दारूचे पाचच ग्लास, तेही दिवसभरात विभागलेले, आणि पॅकेज वसूल. जवळपास एक तृतीयांश भार इथे कॉफी, पाणी आणि ज्यूसने उचललाय. केबिनमधले दोघंही असे असतील तर बेलाशक घ्यावं.

लाटमोजणी
सुकाणू, मान्य. फक्त 'वसूल करायचंय' म्हणून ग्लास वाढवू नयेत एवढं म्हणेन. उन्हात डेकवर दारूने अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीवर दारू घेतली की गुंगी जास्त चढते. मेक्लिझिन किंवा ड्रामामाइन घेणार असाल, तर त्या दिवसाचा दारूचा आकडा हिशेबात शून्य धरा.

खारावारा
सगळ्यांचे आभार. पॅकेज बाद. पण सुटं घेताना खर्च कसा आवरायचा? आणि ऑफर आली तर पुन्हा विचार करावा का?

गॅली_पोर्टहोल
चढताना प्रत्येक प्रौढाला 750 मिलीची वाइनची एक बाटली नेता येते. ती हातातल्या बॅगेत ठेवा, हमालाकडे द्यायच्या सुटकेसमध्ये नाही. दोघांच्या दोन बाटल्या, एकीत 150 मिलीचे पाच ग्लास, म्हणजे तुमची आठवडाभराची वाइन त्यातच भागते आणि वर तीन ग्लास उरतात. जेवणाच्या हॉलमध्ये बाटली उघडली तर कॉर्केज (स्वतःची बाटली उघडण्याचा आकार) लागतं, म्हणून केबिनमध्येच ग्लास भरून न्या. बंदरावर विकत घेतलेली दारू मात्र परत चढताना ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री देतात.

पावती नीट बघा. 18 टक्के त्यात आधीच घातलेले असतात, तरी खाली टिपची आणखी एक रिकामी ओळ असते. घाईत तिथे आकडा लिहिला की चार्ज दोनदा जातो. ती ओळ आडवी रेघ मारून सोडा. ॲपमध्ये रोज रात्री खातं उघडा. न घेतलेलं काही दिसलं तर दुसऱ्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला दाखवा. शेवटच्या सकाळी तिथे लांबलचक रांग असते.

सुकाणू
ऑफरबद्दल: पॅकेजचा दर निघण्याआधी वरखाली होत राहतो, आणि जहाजावर घेतलं तर सहसा जास्त पडतो. आधी घेतलेलं रद्द करून उतरलेल्या दराने पुन्हा घेता येतं, फक्त रद्द करायची मुदत बुकिंगमध्ये बघून ठेवा. तुमच्यासाठी आकडा सोपा आहे: दोघांचं सुटं 666.70, म्हणजे माणशी दिवसाला चार्जसकट 47.62, चार्ज सोडून साधारण 40. ॲपमध्ये 40 च्या खाली आकडा दिसला तरच पुन्हा उघडून बघा. वाइन घरून नेणार असाल, तर 34 च्या खाली.