बैठकीत देशोदेशीचं संगीत मित्रांना कसं ऐकवावं?

लष्करकर:
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची महिन्यातून एकदा ऐकण्याची बैठक असते. निम्मे जण ख्याल-टप्प्यात मुरलेले, बाकीच्यांच्या फोनवर जॅझ, मेटल, कोरियन पॉप सगळंच. नवं काही सापडलं की जो तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पण लिंक कोणी उघडत नाही. बैठकीत लावावं तर दुसऱ्या मिनिटाला गप्पा सुरू. २०२३ मध्ये युनेस्कोनं आपलं गाव संगीतनगरींच्या यादीत घेतलं, तेव्हा आपल्या खोलीतही जगाचं संगीत नीट पोचावं असं वाटतं. क्रम कसा लावावा? आणि जुने श्रोते 'बेसूर आहे' म्हणाले तर?

टप्पाप्रेमी:
देशवार क्रम लावू नका. एकीकडे फ्रान्स, मग जपान, मग ब्राझील असं केलं की कानाला धरायला काही राहत नाही. आधीच्या तुकड्यातली एक तरी गोष्ट पुढच्यात हवी. एक पक्की साखळी देतो. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा अल्बम, १९९३: मोहनवीणा आपल्या ओळखीची, तिच्या शेजारी स्लाइड गिटार. मग तोच कूडर मालीच्या अली फार्का तूरेबरोबर, १९९४. मग तूरे आणि तुमानी जाबाते, २००५. इथे जाबातेंचा कोरा येतो, पश्चिम आफ्रिकेचं वीणेसारखं वाद्य: २१ तारा, आणि वाजवायला दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या एवढंच. खालची फिरती चाल आणि वरच्या ताना एकच माणूस काढतो. जाबाते पिढीजात वादकांच्या घरातले, त्यामुळे घराण्याचं ऐकणारे इथे हमखास सावरून बसतात.

तुकडा चार-पाच मिनिटांचा घ्या आणि दोनदा लावा. पहिल्यांदा काहीही न सांगता, मग दोन वाक्यं, मग पुन्हा. आधीच सांगितलं की लोक सांगितलेलंच शोधत बसतात.

मात्रा_सात:
तबलेवाल्यांसाठी तालाची साखळी करा. ग्रीसचा कालामात्यानोस हा नाच ३-२-२, म्हणजे मोजणीला थेट रूपक. फरक एवढाच की रूपकाची सम 'खाली'च्या मात्रेवर असते आणि तिथे पहिल्या मात्रेवर वजन पडतं. टाळी धरणारे हमखास इथेच घसरतात, म्हणून पहिल्या मात्रेवर पाय आपटायला सांगा. पुढे बल्गेरियाचं नृत्य राचेनित्सा: तेही सातच, पण २-२-३, आणि लय फार द्रुत. युट्यूबवर आधी ०.७५ गतीनं लावा, सूर बदलत नाही. ते बसलं की तुर्कस्तानचं नृत्य कारशिलामा, नऊ मात्रा, २-२-२-३.

श्रुतीवाले:
'बेसूर' येतं ते बहुतेक अरबी 'रास्त' ऐकताना (तिकडचा मकाम, म्हणजे आपल्या रागासारखा). त्याचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध असतो, आणि आपला कान त्याला चुकलेला शुद्ध समजतो. म्हणून रास्त पहिला लावू नका. 'हिजाझकार' या मकामापासून सुरू करा: त्याचे स्वर भैरवाचेच. मात्र रे किंचित चढा आणि ग किंचित उतरता लागतो, तेवढ्यानं कान तयार होतो. रास्त त्यानंतर.

इथिओपियाची 'अंबासेल' ही स्वरावली गुणक्री रागाच्या प्रेमींना ऐकवा, सा रे॒ म प ध॒. जपानच्या कोतो या तंतुवाद्यावर हेच पाच स्वर खूपदा भेटतात. दोन्ही लागोपाठ लावले तर त्या संध्याकाळी दुसरं काही लागणार नाही.

लष्करकर:
फार मोलाचं सांगितलंत. आवाजाचं काय? एक रेकॉर्डिंग कुजबुजतं, पुढचं अंगावर येतं.

श्रुतीवाले:
जो जोरात वाजतो तोच चांगला वाटतो, म्हणून निवड करण्याआधी पातळी सारखी करा. स्ट्रीमिंगवाली अ‍ॅप्स बहुतेक गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याचं एकक) आसपास आणतात. पण ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरून उतरवलेली फाइल कोणीच सावरत नाही. अशी प्रत्येक फाइल हाताने जुळवा आणि स्पीकरच्या आवाजाची खूण लिहून ठेवा. क्रॉसफेड बंद करा, नाहीतर शेवटचा सूर विरण्याआधीच पुढचं घुसतं. लॅपटॉपवरून ३.५ मिमीची तार लावली तर मध्येच कोणाचा फोन वाजून खंड पडत नाही. पंखा एकवर, कारण कोतोची झंकार पहिली त्यातच बुडते.

टप्पाप्रेमी:
आणि लिंकांऐवजी एकच शेअर्ड शीट ठेवा. अ‍ॅप प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे एकाची लिंक दुसऱ्याकडे उघडत नाही. रकाने: कलाकार, देश, वाद्य, वर्ष, कोणत्या मिनिटापासून ऐकायचं, आणि आधीच्या तुकड्याशी काय जुळतं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तो तुकडा पुढच्या महिन्यावर टाका.